भाचेसुनेची भट्टी

आमच्या भाचेसुनेबद्दल कुणी विचारलं की आमची ताई आधी आपली खुर्ची पुढे ओढते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाचेसुनेची सासू. सुनेचं कौतुक सांगता सांगता कौतुकाचा निम्मा वाटा ती कधी आपल्या ताटात ओढून घेते, ते ऐकणाऱ्याला कळतही नाही. म्हणून म्हटलं, एकदा सगळं आपणच लिहून टाकावं. वाटे तरी नीट पडतील.

भाचेसून पदार्थविज्ञानातली डॉक्टर. लग्न ठरलं तेव्हा गल्लीत नुसतं ‘मुलगी डॉक्टर आहे’ एवढंच पसरलं आणि वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई पहिल्याच भेटीत तिला आपला गुडघा दाखवायला आल्या. तिनं बिचारीनं गुडघा नीट पाहिला आणि म्हणाली, यावर भार किती येतो ते सांगते, औषध मात्र माझ्याकडे नाही. वकीलबाई अजून तिच्या शिक्षणाबद्दल साशंक आहेत.

ती स्फटिक वाढवते. म्हणजे काय करते ते मलाही समजावून घ्यायला दोन कप चहा लागला होता. भट्टीत एक मूस असते. तिच्यात पांढरी पूड वितळवायची. एका दांडीच्या टोकाला स्फटिकाची काडीएवढी कांडी बांधायची, तिला ते लोक ‘बी’ म्हणतात. ती बी वितळलेल्या रसाला जेमतेम टेकवायची आणि गोल फिरवत इतकी सावकाश वर ओढायची की बघणाऱ्याला वाटावं यंत्र बंद पडलंय. रस बीला धरून गोठत जातो आणि काचेसारखा स्वच्छ दंडगोल वाढत जातो. त्याचे काप दवाखान्यातल्या तपासणीच्या यंत्रांत बसतात. किरण पडला की ते लखलखतात आणि त्यावरून माणसाच्या पोटातली गाठ बाहेरून दिसते.

तर त्या प्रयोगशाळेत एक रिवाज होता. ज्यानं बी टेकवली त्यानंच स्फटिक उतरवायचा. मध्ये हात बदलायचा नाही, कारण प्रत्येकाचा हात निराळा. एका स्फटिकाला दोन दिवस आणि मधली रात्र लागते. आणि दुसरा एक नियम, कुठल्या काळात कुणी केला देव जाणे, की दिवेलागणीनंतर इमारतीत बाई एकटी थांबणार नाही. दोन्ही नियम वेगवेगळे बघा, कुणाला काही खटकणार नाही. एकत्र बांधले की बायकांना भट्टीच बंद. त्यांनी पुरुषांचे स्फटिक कापायचे, घासायचे, मोजायचे. आणि कायमच्या जागेसाठी निवड समितीपुढे जायचं तर स्वतः ओढलेला स्फटिक हवा.

भाचेसून वर्षावर्षाच्या करारावर. त्यात मुलगी झाली, काही महिने घरी राहिली. परत गेली तेव्हा मोठ्या साहेबांनी गोड आवाजात सांगितलं, करार आता वाढणार नाही, समिती बसेल तेव्हा काय ते. म्हणजे स्फटिक नाही तर नोकरी नाही. नातेवाइकांना तर असा प्रसंग पर्वणीच. कुणी म्हणालं शाळेत शिकव, सुट्ट्या मिळतात. कुणी म्हणालं, एवढं शिकलीस ते काय कमी आहे. जणू काही शिक्षण म्हणजे कपाटात घडी घालून ठेवायची वस्तू.

ती कुणाशी भांडली नाही. सरळ साहेबांकडे गेली आणि विचारलं, नियम ‘एकटी’ असा आहे ना, मग सोबत कुणी असेल तर? साहेब हसले. म्हणाले, भट्टीपाशी रात्रभर बसायला कोण येणार? ती म्हणाली, “आमच्या आई येतील.”

आई म्हणजे आमची ताई. तिला अजून कुणी विचारलंही नव्हतं.

ताई विणकाम, उशी, थर्मास आणि पायमोजे घेऊन अशी निघाली की प्रवासाला निघालीय असं वाटावं. घरी भाचा आणि छोटी. भाचा शाळेत भूगोल शिकवतो. सगळी वाळवंटं त्याला ठाऊक, दुधाचं पातेलं कुठं ठेवलंय ते ठाऊक नाही. पण त्यानं निभावलं, हे त्याच्या नावावर लिहून ठेवतो.

रात्र व्यवस्थित गेली. दांडी वर चढत होती, स्फटिक सरळ वाढत होता. ताईला एकच ताकीद होती, यंत्राला हात लावायचा नाही. ताईनं तो शब्द शेवटपर्यंत पाळला, हे मी शपथेवर सांगेन. दुसऱ्या दुपारी तिनं पाहिलं, सून उभ्याउभ्या पेंगतेय, कपाळावरून घाम ओघळतोय, खोली बंद, पंखाही नाही. खिडकी काही यंत्र नव्हे. ताई उठली आणि तिनं खिडकी सताड उघडली.

बाहेर गार वारा सुटला होता. तो थेट भट्टीवर आला. अशा कामात रस जरासा गार झाला तरी स्फटिक एकदम फुगतो, आणि फार फुगला तर तडकतो. भाचेसुनेनं झरोक्यातून पाहिलं तर दंडगोलाला गाठीसारखा फुगवटा येत होता. तिची झोप उडाली. ताईला आपण काय केलं ते कळलं आणि तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात, नेमके तेवढ्यातच, मोठे साहेब दारात. उघडी खिडकी पाहून ते तरातरा तिकडे निघाले.

“साहेब, खिडकीला हात लावू नका.”

“अहो, वारा येतोय.”

“येऊ द्या. एक धक्का बसलाय, आता बंद केलीत तर उलटा दुसरा बसेल. आहे तशी राहू द्या, मी त्याला या वाऱ्यातच सावरते.”

करारावरची बाई, आणि समोर आख्ख्या इमारतीचे साहेब. साहेबांचा हात खिडकीच्या कडीपासून वीतभर लांब थांबला. ती मात्र त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिनं भट्टीची आच केसभर वाढवली, थांबली, झरोक्यातून पाहिलं, पुन्हा केसभर. साहेबांनी हात खाली घेतला आणि तिथंच स्टूल ओढून बसले. ताईचे डोळे भरून आले तेव्हा सून मान न वळवता म्हणाली, “आई, रडायचं असेल तर जरा त्या कोपऱ्यात, भट्टीपासून लांब.” ताई कोपऱ्यात गेली, पण रडायचं विसरली. मग तिनं वाऱ्यात कुडकुडणाऱ्या साहेबांच्या खांद्यावर आपली शाल टाकली. साहेबांनीही ती गुपचूप घेतली. संध्याकाळी स्फटिक उतरला, तेव्हा फुगवट्याच्या खालचा सगळा भाग सरळ आणि आरशासारखा लख्ख होता.

समितीपुढे जाण्याआधी तिथल्या मंडळींनी शहाणपणाचा सल्ला दिला. गाठीपासून खालचं टोक कापून टाक, उरलेला चकाकता तुकडा ठेव, सगळे तसंच करतात. तिनं कापला नाही. आख्खा स्फटिक टेबलावर ठेवला. बाहेरून आलेल्या एका वयस्कर परीक्षकांनी चष्मा वर करून फुगवट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय?

“इथं खिडकी उघडली.”

“कुणी?”

“माझ्या सासूबाईंनी. मला आलेला घाम त्यांना बघवला नाही.”

समितीत हशा पिकला. कुणी तरी विचारलं, तुम्ही रात्रभर इथं, मग मूल कुणाकडे? ती म्हणाली, त्याच्या वडिलांकडे. दूध उतू गेलं, मूल सुखरूप आहे. चष्मेवाले मात्र स्फटिकावरून नजर हलवेनात. हे टोक कापून का नाही आणलंत, त्यांनी विचारलं.

“टोक कापलं असतं तर तुम्हाला फक्त चांगला स्फटिक दिसला असता. धक्का बसल्यावर तो सावरला कसा, ते दिसलं नसतं. काम तर मी तेवढंच केलंय, बाकीचं भट्टीनं केलं.”

मग मोठे साहेब बोलले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. “खिडकी बंद करायला मी निघालो होतो,” ते म्हणाले. “हिनं अडवलं नसतं तर आज टेबलावर ठेवायला तुकडेच असते.” माणूस मोठा होता म्हणायचा. शाल मात्र त्यांनी बरेच दिवस परत केली नाही.

जागा मिळाली. दिवेलागणीचा नियम साहेबांनीच खोडला. आता भट्ट्यांचं दालन भाचेसुनेच्या हाताखाली आहे. तिथं शिकून गेलेल्या पोरी कुणी दवाखान्याची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात, कुणी दुसऱ्या प्रयोगशाळेत स्वतःच्या भट्टीपाशी उभ्या आहेत. समितीपुढे टोक कापून न्यायची पद्धत तिथं बंद झाली. गाठ असेल तर गाठीसकट न्यायचं आणि ती कशी आली ते तोंडानं सांगायचं.

मध्यंतरी एक नवीन मुलगी पहिल्यांदाच बी टेकवणार होती. ताईला कळलं तशी ती विणकाम घेऊन हजर झाली. मुलीनं तिला चहा पाजला, नमस्कार केला आणि म्हणाली, आजी, तुम्ही घरी जा, मी बसते एकटी. ताई घरी आली ती जरा घुश्श्यातच. जिन्यात वकीलबाई भेटल्या, त्यांनी विचारलं, आज इतक्या लवकर कशा परत?

ताईनं मान ताठ केली. “आमच्या तिथं आता पोरींना सोबत लागत नाही,” ती म्हणाली.