लकडगंजातला घरातून जाणारा रस्ता

नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, मोजणीची टेप आणि शहराचा गुंडाळलेला नकाशा होता. सांगलीहून इतक्या लांब मी पहिल्यांदाच एकटी आले होते. दिवाळी तोंडावर होती. लकडगंजात मैत्रिणीच्या आत्याकडे माझी सोय झाली होती.

सायकलरिक्षावाल्याने विचारले, "कोनाकडे दिवाळीले आल्या, बाई?"

"दुकानं कुठे असतात आणि का, ते शोधायला आलेय."

तो वळून माझ्याकडे बघून पुन्हा पायडल मारू लागला. मग म्हणाला, "दुकानं तं बजारात असते."

पण बाजार तिथेच का, हा माझा भूगोलाच्या प्रबंधाचा विषय होता. प्रत्येक चौकाचा एक ठिपका काढायचा, प्रत्येक रस्त्याची एक रेघ. ज्या ठिपक्यावर बाकीच्या सगळ्या ठिपक्यांवरून कमीत कमी चालून पोचता येते, तिथे दुकाने दाटतात, असे हे शास्त्र सांगते. गणित हातानेच करायचे, कारण संगणक मी फोटोतच पाहिला होता.

लकडगंजात सगळीकडे कापलेल्या लाकडाचा वास होता. दिवसभर गल्ल्या मोजायच्या आणि संध्याकाळी आत्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून रेघा मारायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "सांबारवडी करून राहिली, गरम गरम खाऊन घे." मी वाटीत डाळ येईल म्हणून वाट पाहत बसले. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. वड्या मात्र इतक्या छान होत्या की त्या संध्याकाळी रेघा राहूनच गेल्या.

गणित जुळत चालले होते, पण दोन गल्ल्यांनी घोटाळा केला. पाठीला पाठ लावलेल्या दोन्ही गल्ल्या पुढे बंद होत्या. माझ्या हिशेबाने तिथे कावळाही फिरकायला नको होता. प्रत्यक्षात एकीत कापड, बांगड्या, मसाले. दुसरीत डाळी, भांडी, शिंपी, आणि दोन्हींत पाय ठेवायला जागा नाही. मी सगळे पुन्हा मोजले. उत्तर तेच आले.

शेवटी मी बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. गल्लीच्या टोकाला एक बैठे घर होते. मिरच्यांचे पोते लादलेली सायकल घेऊन एक माणूस त्या घरात शिरला आणि बाहेर आलाच नाही. मग दोन बायका शिरल्या. मग एक बकरी. मग ढोलताशावाले, ओळीने.

मीही शिरले आणि दारात सवयीने चपला काढू लागले.

"चपला काहून काढून राहिल्या, मॅडम?" आतून एक बाई म्हणाली. "रस्ता आहे हा. चला पुढं, मांगं गर्दी होऊन राहिली."

त्या शांताबाई. मधल्या खोलीत त्यांचे यजमान माधवराव जमिनीवर बसून जेवत होते. सायकल आली की ते न बघता ताट उचलत, सायकल गेली की खाली ठेवत. मागच्या दाराबाहेर दुसरी गल्ली होती.

"वडिलांच्या वेळी इथं गल्लीच होती," माधवराव म्हणाले. "घर लहान पडलं, तं त्याईनं वर छप्पर टाकलं. पण लोकाईची सवय काही गेली नाही."

मी नकाशावर त्या घरातून एक रेघ ओढली आणि सगळे गणित बसले. आनंदात मी कापडवाल्या शेठना ते दाखवले. तुमचा धंदा शांताबाईंच्या दोन दारांवर चालतो, असे सांगितले. शेठ हसले. धंदा देवाच्या कृपेने चालतो म्हणाले.

पण शांताबाईंची मुलगी कुंदा बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या आणि शांताबाईंनी दोन्ही दारांना आतून कड्या लावल्या.

दुपारपर्यंत दोन्ही गल्ल्या ओस पडल्या. ऐन दिवाळीत व्यापारी गादीवर बसून माश्या वारत होते. मग ते सगळे बंद दारापुढे जमले. कोणी डिंक आणला, कोणी खोबरे, कोणी साजूक तूप. आत कुंदा विव्हळली की बाहेर सगळे हात जोडत. पहिलटकरीण होती, वेळ लागत होता. शांताबाई एकदा खिडकीत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. मग धंद्याचे कोणी बोलेना. शेठनी स्वतःचा टांगा पाठवून डॉक्टरीणबाईंना आणवले.

उन्हे कलताना आतून रडणे ऐकू आले. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. शेठनी डोळे पुसले आणि विचारले, "आता दार उघडता ना?"

"सोयर आहे," शांताबाई आतून म्हणाल्या. "बारशापर्यंत नाही."

सोयर म्हणजे जन्माचा विटाळ. बाहेर कोणी बोटांवर बारा दिवस मोजले. मग सगळे माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या शास्त्रात काही आहे का?"

होते. शेठच्या आणि डाळवाल्याच्या दुकानांची मागची भिंत एकच होती. ती फोडली तर घरातल्यापेक्षा जवळचा रस्ता निघत होता.

"माझ्या दुकानातून बकऱ्या जातील?" शेठनी विचारले.

"जातील," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंत फोडली. रेशमी ताग्यांमधून सायकली जाऊ लागल्या. शेठ गादीवर मांडी घालून बसत आणि टोपली आली की गुडघे जवळ घेत. इकडे माधवरावांना जेवण जाईना. "कोणी जाऊनच नाही राहिलं," ते खिडकीतून मला म्हणाले. "घास गळ्याखाली उतरत नाही."

बारशाच्या दिवशी शांताबाईंनी दारे उघडली. शेठकडचा रस्ता उघडाच होता आणि जवळचाही. तरी माणसे घरातून जाऊ लागली. मधल्या खोलीत पाळणा होता. प्रत्येक जण तिथे सायकल टेकवी, वाकून बघे, नाक कोणावर गेले ते सांगे. मागे रांग लागे आणि कोणी घाई करीत नसे.

परतल्यावर मार्गदर्शकांनी नकाशा पाहिला. "जवळचा रस्ता असताना लोक लांबून का गेले?"

"त्या घरात मुलगी झाली होती, सर."

"शास्त्रीय कारण द्या."

 माझ्या गणितातला प्रत्येक माणूस कुठून तरी निघून कुठे तरी पोचण्याच्या घाईत होता. वाटेत उभा राहून कोणाचे तरी नाक बघत बसणारा माणूस मी धरलाच नव्हता. मी प्रबंधात तेच एक वाक्य लिहिले. सरांनी ते खोडले, दोन दिवस विचार केला, आणि पेन्सिलीने पुन्हा लिहिले.