नेट गेलं तर काय करता, बाई?

"तू सांगणार आहेस, की मी सांगू?"

"हळू बोल."

"हळू? तुझ्याशी? हळू बोलून तुला काय कळणार, कपाळ?"

"तुझे ओठ दिसतायत मला. आणि दार उघडं आहे."

"असू दे उघडं. या शाळेत भिंतींना कान आहेत. एक तुलाच नाहीत!"

बोलून गेल्या आणि भाषेच्या बाईंनी जीभ चावली. समोरची मात्र हसली. प्रयोगशाळेमागच्या चिंचोळ्या खोलीत, काचेच्या नळ्यांच्या फळीला टेकून, शास्त्राच्या बाई वायरचा गुंता सोडवत होत्या.

"हा चांगला होता," त्या म्हणाल्या. "पण आज नको. इतर शाळांचे शिक्षक येऊन बसलेत बाहेर, माझा तास बघायला."

"म्हणूनच आज. काल त्या पोरीचा हात भाजला, बये."

"बोट."

"आज बोट, उद्या डोळा! ती तुझ्या पाठीमागे किंचाळत होती आणि तू फळ्यावर आकृती काढत होतीस. शेजारच्या वर्गातून मी धावत आले. शेजारच्या वर्गातून!"

वायर सोडवणारे हात थांबले.

"तास संपू दे. मग बघू."

"मग बघू नाही. तास संपायच्या आत. नाहीतर मी उठून सांगणार, सगळ्यांदेखत."

"माझा वर्ग जाईल गं."

एवढंच म्हणाल्या, तेही खाली बघत. तेवढ्यात घंटा झाली आणि सवयीने भाषेच्या बाईंचा हात पुढे गेला. त्यांनी मैत्रिणीच्या कोपराला बोट लावलं. कोपराला बोट म्हणजे घंटा झाली. खांद्याला बोट म्हणजे मागून कुणी हाक मारतंय. या खुणा दोघींनी मिळून ठरवल्या होत्या, पार मागच्या परीक्षेपासून. आज त्या बोटाचाच त्यांना राग आला. ताकाला जाऊन भांडं लपवणारी एकटी मैत्रीण नव्हती. भांडं पदराआड धरून ठेवणाऱ्या आपणही होतो.

पोरं शास्त्राच्या बाईंना पडदाबाई म्हणत, कारण त्यांच्या वर्गात सगळं पांढऱ्या पडद्यावर घडायचं. एका कोपऱ्यात सिग्नलसारखा दिवा असे. वर्ग शांत असला की हिरवा, कुजबुज वाढली की पिवळा, कल्ला झाला की लाल. पोरं स्वतःच एकमेकांना दटावत, "ए, पिवळा झाला!" पडद्याच्या खालच्या पट्टीत, जो कुणी बोलेल त्याचं बोलणं आपोआप उमटायचं. ॲप कधीकधी भलतंच लिहून जायचं आणि वर्ग खो खो हसायचा. शिवाय एक प्रश्नांची भिंत. टॅबवर प्रश्न लिहिला की पडद्यावर रंगीत चिठ्ठी चिकटलीच. वर्षानुवर्षं खालमानेने बसणाऱ्या मुलींच्या चिठ्ठ्यांनी ती भिंत भरून जायची.

शाळेत कोण कौतुक त्यांचं! "या वयात किती शिकल्या बघा!" मुख्याध्यापक सर पाहुण्यांना पहिल्यांदा त्यांचाच वर्ग दाखवत. गणिताच्या सरांनी ती भिंत उचलली, इतिहासाच्या बाईंनी तो दिवा. ही सगळी साधनं बाईंना सापडतात तरी कुठून, असं सगळे विचारत. उत्तर फक्त भाषेच्या बाईंना ठाऊक होतं. बुडणारा माणूस काडी जशी शोधतो, तशी सापडली होती.

आधी बारीक आवाज गेले. शिट्टी, चिमण्या, मग लहान मुली. डॉक्टरांनी कानातलं यंत्र दिलं होतं, पण वर्गात ते लावलं की बाकं, पंखे, चपला, सगळं एकदम डोक्यात घुसायचं आणि नेमकं मुलांचं बोलणं तेवढं दाराबाहेर राहायचं. यंत्र कपाटात गेलं. बाई संध्याकाळी घरी बसून शोधू लागल्या. वर्गाचा गलका कानांना कळत नाही ना? डोळ्यांना दाखवा. प्रश्न ऐकू येत नाहीत ना? लिहून घ्या. लबाडी म्हणावी तर तिच्यातून वर्ग फुलला होता. भाषेच्या बाईंना त्या लबाडीचा मनापासून अभिमान वाटे. कालपर्यंत.

काल दुपारी नेट गेलं. दिवा विझला, पट्टी कोरी झाली. शहाण्या माणसाने तास थांबवला असता. पण स्पिरिटचे दिवे पेटलेले, मुलं हौसेने उभी, आणि आपण पडद्यावाचून तास घेऊ शकत नाही हे स्वतःशी कबूल करायची हिंमत नव्हती. बाई फळ्याकडे वळल्या. मागच्या टेबलावर चिमणीच्या बाहीने पेट घेतला. चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यात बारीक आवाजाची मुलगी. आवाजावरूनच नाव पडलेलं. भाषेच्या बाई धडपडत दारात पोचल्या, तेव्हा मुलं ओरडत होती, चिमणी हात झटकत होती आणि खडू शांतपणे फळ्यावर चालला होता. त्यांनी खडू धरलेला हात ओढला तेव्हा कुठे मैत्रीण वळली. वळल्यावर मात्र एक क्षण दवडला नाही. नळ, गार पाणी, ओलं फडकं, मुलीला पोटाशी धरणं. बोटावर फोड आला, तेवढ्यावर निभावलं. सर आले ते कौतुक करतच, "काय ते धीराचं मन! जराही दचकल्या नाहीत, असं मुलं म्हणतायत!"

कशा दचकतील?

आता सभागृहात भाषेच्या बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. जीव टांगणीला लागलेला. पुढे मुलं, मागे पाहुणे, बाजूला खुर्चीत सर. पडद्यावर दिवा हिरवा. तास झकास चालला होता. विजेचं मंडल जोडायचं होतं. पोरं टॅबवर तारा सरकवत होती, पडद्यावरचा बल्ब पेटत होता, विझत होता.

"बाई, माझा का नाही पेटत?" कुणीतरी विचारलं. पट्टीवर शब्द उमटले.

बाई ते वाचून वळल्या. "वाट अर्धी सोडलीस म्हणून. विजेला घरी परत यायला रस्ता लागतो राजा. तुला नाही का लागत?"

हशा. दिवा पिवळा. पाहुणे टिपून घेत होते. भाषेच्या बाईंचं लक्ष दाराजवळच्या घड्याळाकडे. काटा सरकत होता आणि मैत्रीण काही बोलत नव्हती. शब्द दिला होता आपण. उठायचं का? उठून काय म्हणायचं?

मागच्या रांगेतल्या एका पाहुण्या बाईंनी हात वर केला.

"सगळं छान आहे हो. पण आमच्याकडे दिवसाआड नेट जातं. नेट गेलं तर काय करता, बाई?"

पट्टीवर अक्षरं उमटली. नेट गेलं तर काय करता बाई. शास्त्राच्या बाईंनी ती वाचली आणि त्यांची मान तशीच राहिली.

सरांना राहवलं नाही. "मी सांगतो! कालच गेलं होतं नेट. त्यात एका मुलीची बाही पेटली. पण आमच्या बाई कशा, तर शांत! वर्गाला तोच धीर..."

पट्टी सरांचं कौतुक शब्दाशब्दाने छापत होती. पहिल्या बाकावर चिमणी बसली होती, बोटाला पांढरी पट्टी. ती पडद्याकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती.

भाषेच्या बाई अर्ध्या उठल्या. मैत्रिणीने दुरून त्यांच्याकडे पाहिलं आणि तळहात किंचित खाली केला. बस.

"नेट गेलं," शास्त्राच्या बाई म्हणाल्या, "तर मला मुलं ऐकू येत नाहीत."

त्यांच्या गळ्याशी लावलेल्या छोट्या माइकने तेही पकडलं. भल्यामोठ्या अक्षरांत ते वाक्य सगळ्यांसमोर उभं राहिलं. एकदोघे हसले. विनोद वाटला असावा.

"हा दिवा मुलांसाठी नाही, माझ्यासाठी आहे. ही पट्टीसुद्धा. काल ही मुलगी ओरडली आणि मी वळले नाही. तो धीर नव्हता सर. मला काहीच ऐकू आलं नाही." मग त्या चिमणीसमोर खाली वाकल्या. "चुकलं माझं. तू हाक मारलीस ना?"

चिमणी उभी राहिली, तोंड नीट वर केलं आणि ओठ ताणून, सावकाश म्हणाली, "खूप वेळा मारली."

दिवा हिरवागार होता. बाई सरळ झाल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "साधनं चांगली आहेत. घ्या, वापरा. पण नेट जातं. म्हणून आजपासून पेटत्या दिव्याशेजारी मी एकटी उभी राहणार नाही. दुसरं मोठं माणूस असेल तरच प्रयोग."

टाळ्या झाल्या नाहीत. खुर्च्या सरकल्या, पाहुणे खालच्या आवाजात बोलत बाहेर पडले. विचारणाऱ्या बाई जाताना थांबल्या. बोलू की नको असं करत त्यांनी नुसते हात जोडले. मुलं वर्गाकडे निघाली. बाईंनी गळ्याचा माइक काढून टेबलावर ठेवला आणि पाठमोऱ्या होऊन टॅब पेटीत रचायला लागल्या.

सर तरातरा टेबलापाशी आले आणि मदतीला पुढे आलेल्या भाषेच्या बाईंना त्यांनी तिथेच गाठलं.

"हे माझ्या कानावर आधी का नाही घातलं कुणी? तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"वा! म्हणजे मीच काय तो बहिरा." सरांनी कपाळ पुसलं. "पाहुण्यांसमोर अब्रू गेली ती गेली. आता पालक माझ्या दारात उभे राहतील."

"तिने स्वतः सांगितलंय सर. कुणी पकडलं नाही तिला."

"सांगून मोकळ्या झाल्या, निस्तरायचं मी! हे बघा, कमिटीपर्यंत जायच्या आत यांना लांबच्या रजेवर घालवू. वर्ग काढून घेऊ. ग्रंथालयात बसवू हवं तर, तिथे काय, शांतताच असते. तुम्ही समजवा, तुमचं ऐकतील त्या."

"त्यांनाच विचारा ना. समोर जाऊन."

"आत्ता नको. आत्ता कुठे ऐकू येतंय त्यांना!"

भाषेच्या बाईंची नजर सरांच्या खांद्यावरून वर गेली. टेबलावरचा माइक चालूच होता. पडद्यावर, पट्टीत, ओळीखाली ओळ चढत होती. वर्ग काढून घेऊ. ग्रंथालयात बसवू. आत्ता कुठे ऐकू येतंय त्यांना.

आणि पेटीवर वाकलेल्या बाई आता वाकलेल्या नव्हत्या. पडद्यासमोर उभ्या राहून त्या वाचत होत्या. वरपासून खालपर्यंत, पोरांची उत्तरं तपासावीत तशा सावकाश.

सर वळले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे, बाई, मी तसं नाही म्हणालो..."

म्हणजे बाई मी तसं नाही म्हणालो, पडद्याने इमानदारीत लिहिलं.

"बंद करा हो हे कुणीतरी!"

तेही लिहिलं. भाषेच्या बाईंना हसू फुटायच्या बेतात होतं आणि रडूही. दोन्ही त्यांनी दातांखाली धरलं. माइकला त्यांनी हात लावला नाही.

शास्त्राच्या बाईंनी पेटीचं झाकण लावलं. कपाटातून आणलेली एक छोटी डबी पिशवीतून काढली, त्यातलं यंत्र कानामागे बसवलं आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. पंख्याची घरघर, बाहेरची बाकं, सरांचा श्वास, सगळं एकदम आत आलं असणार.

"बाई," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "रजेचं म्हणत होतो. तुमचं काय मत? घ्याल ना?"

बाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. पेटी उचलली. दारात चिमणी पाठ टेकून वाट बघत उभी होती. तिने पेटीचा एक कान धरला. ऑफिस उजवीकडे होतं. त्या दोघी डावीकडे वळल्या, वर्गाकडे.

"बाई, बोला ना काहीतरी," सर दाराकडे बघत म्हणाले.

पट्टीत तेवढं उमटलं आणि खाली काही आलं नाही.