ग्रीक राजाची अर्धी गोष्ट

आज दारात घोंगडीवाला आला आणि कच्च्या लोकरीच्या वासानं मला निजामाच्या राज्यातली केजची शाळा आठवली. मी तिथं मास्तर होतो. एका पावसाळ्यात धनगराची गंगू ओल्या घोंगडीत शाळेच्या दाराशी उभी होती. तिचा नवरा इंग्रजांचा शिपाई होऊन जहाजातून लढाईवर गेलता. तीन वर्षं खबर नव्हती.

"मास्तर, समिंदरातून मानूस माघारी येतो का?"

मी तिला ग्रीक राजाची गोष्ट सांगितली. लढाईनंतर तो दहा वर्षं समुद्रात भटकला, पण वाट पाहणाऱ्या बायकोकडं पोचला.

"मंग म्या बी थांबते," ती हसून म्हणाली. दुसऱ्या लग्नासाठी आलेले पाहुणे तिनं परत पाठवले.

तेव्हा वाटलं, धीर दिला. ती वीस वर्षं थांबली, थांबूनच मेली. राजाबरोबरचे सगळे शिपाई वाटेतच मेले, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.