पोर्शन कोणाच्या घरचा

आमच्याकडे माणसाला नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, "कोणाचे तुम्ही?" मग गाव, मामाकुळ, आत्याचं सासर असं करत करत दोन बाया कुठून ना कुठून नातं काढतातच. नातं निघालं की मगच चहा गोड लागतो.

माझ्या मुलाने ओडिशाची मुलगी केली आणि बायकोची पंचाईत झाली. सुनेचं नातं कुठूनच निघेना. दोघं भोकरदनला आमच्याच घरात, वरच्या पोर्शनमध्ये राहतात. बायको तिच्याशी वाईट वागली असती तर मी काही बोललो तरी असतो. पण ती फारच चांगलं वागायची. सुनेला "तुम्ही" म्हणायची, पहिलं ताट तिच्यापुढे ठेवायची आणि भांड्याला हात लावू द्यायची नाही. "बसा हो, तुम्ही कशाला?" लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी सून आपली पाहुणीच. पोरगी आतल्या आत कोमेजत चालली होती आणि मला ते बघवत नव्हतं.

सून घरूनच मोबाइलवर मुलांना इंग्रजी शिकवते. एका दुपारी खाली तिचा तास चालला होता आणि बायको शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सून हिंदीत समजावत होती, की जुन्या लॅटिन भाषेत वाहून नेण्याला 'पोर्तारे' असा एक शब्द होता, त्यातून हे सगळे निघाले. बाहेर नेलं तर एक्स्पोर्ट, आत आणलं तर इम्पोर्ट, इकडून तिकडे नेलं तर ट्रान्सपोर्ट. बायकोचे हात थांबले. तास संपताच म्हणाली, "म्हंजे ही भावकीच म्हणा की."

मग दोघींना तो नादच लागला. हमाल तो पोर्टर. ओझं खालून पेलतो तो सपोर्ट, खबर परत आणून देतो तो रिपोर्ट. मी उभी हयात अंबडच्या कोर्टात कारकुनी केली, या रिपोर्टांनी माझी बोटं झिजवली, पण त्यांचं कूळ विचारावंसं कधी वाटलं नव्हतं. दोघी हसायला लागल्या की मी मुद्दाम पेपर फडफडवायचो, तर त्या आणखी हसायच्या. मला वाटलं, जमलं आता.

एके दिवशी बायकोने पोर्शनलाही भावकीत ओढलं. सून म्हणाली, "नाही आई, तो दुसऱ्या घरचा. तोंडावळा सारखा आहे, पण नातं नाही."

"असू द्या," बायको म्हणाली. "मांडवात आला तं जेवून जाईल."

तिने ते सहज म्हटलं होतं. सून मात्र हसली नाही. संध्याकाळी माझ्यापाशी येऊन तुटक्या मराठीत म्हणाली, "बाबा, आई मला पण तेच सांगतात. जेवून जा."

मी ते जसंच्या तसं बायकोच्या कानावर घातलं. ती माझ्यावरच उखडली. "मी काय कमी केलं तिला?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "पाहुण्याला कोण कमी करतं?"

ती बराच वेळ भांडी आपटत राहिली.

त्यानंतर पिंपळगाव रेणुकाईला भावकीचं जेवण आलं. आमच्यात पंगतीला घरचीच माणसं वाढतात. पाहुण्याला वाढायला लावलं तर तो त्याचा अपमान समजतात. सून सवयीप्रमाणे बायांच्या पंगतीत अगदी टोकाला पान घेऊन बसली होती. बायको वरणाची बादली घेऊन थेट तिच्यापुढे उभी राहिली.

"ऊठ. तू काय बसून राह्यली? ही बादली घे अन् तिकडून वाढत ये. जल्दी."

सून क्षणभर तिच्याकडे बघतच राहिली. मग उठली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि दोन्ही हातांनी बादली उचलली. पुरुषांच्या पंगतीत माझ्यापर्यंत आली तेव्हा अर्धं वरण पानाबाहेर सांडलं. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी मान वर केली नाही.

पलीकडून एका म्हाताऱ्या चुलतीने बायकोला विचारलं, "ही कोणाची गं?"

"वाढून राह्यली, दिसत न्हाई का?" बायको म्हणाली आणि भात आणायला आत गेली.