बिअर निवळेपर्यंत

दिनकर राऊत गेल्याचं मला बोईसर स्टेशनबाहेर, चिंचणीच्या रिक्षात बसल्यावर कळलं. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत त्याच्यासाठी जमवलेल्या अकरा रिकाम्या बाटल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. त्याच्या बायकोचा, सुशीलावहिनींचा फोन आला. "भाऊजी, निघालात का?... सावकाश या. आता घाई नाही." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. रिक्षावाला चौथ्या प्रवाशासाठी "चिंचणी, एक सीट" असं ओरडत होता आणि मला त्याला निघ म्हणायचंही सुचलं नाही. सकाळी चहा घेऊन दिनकर पडवीतल्या खुर्चीवर टेकला तो उठलाच नाही, हे तिथे पोचल्यावर समजलं. अंगणात माणसं जमली होती आणि माझ्या पिशवीतून काचेचा आवाज येत होता. मी ती बाकाखाली सरकवून दिली आणि दिवसभर तिच्यापाशीच बसून राहिलो.

त्याला आता सात आठवडे झाले. आमच्या वयाला माणसं जातात याचं नवल वाटत नाही, नुसता थकवा येतो. प्रत्येक वेळी तीच स्मशानाची वाट, तीच पांढऱ्या शर्टाची घडी. दिनकरबद्दल लिहायला बसलो की दोन ओळींनंतर पेन खाली ठेवावंसं वाटतं. पण एक गोष्ट त्याने फक्त मला सांगितली होती आणि ती घेऊन गप्प बसणं मला जमलेलं नाही. म्हणून हे.

आम्ही चिंचणीच्या शाळेत एका बाकावरचे. पुढे मी पालघरला कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो आणि तिथेच निवृत्त झालो. तो रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आणि कुंभवलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत शिरला. कारखान्यातून बाहेर सोडायचं सांडपाणी तपासायचं, त्यात तुरटी किती घालायची ते ठरवायचं आणि रजिस्टरवर सही करायची, हे त्याचं काम. तीस वर्षं केलं. निवृत्तीनंतर तो नुसता बसून राहायला लागला, तेव्हा बंगळुरूला असणाऱ्या त्याच्या मुलीने घरी बिअर बनवायचं सामान आणून दिलं. जवाचा माल्ट, हॉप्सची वाळलेली फुलं, यीस्टची पाकिटं आणि एक मोठा प्लॅस्टिकचा कॅन. दिनकर पिणारा नव्हता, अर्धा ग्लास झाला की त्याला झोप यायची. पण आत चाललेलं रसायन त्याला खुणावत होतं. सुशीलावहिनी सगळ्यांना सांगायच्या, "रिटायर झाल्यावर लोकांचे नवरे देवाला लागतात. आमचे बाटलीला लागले, आणि तेही न पिता!"

पहिली बिअर चवीला बरी झाली होती, पण दिसायला भाताच्या पेजेसारखी. मी म्हटलं, चव चांगली आहे ना, मग झालं. त्याला ते चालेना. तो ग्लास खिडकीशी नेऊन उजेडात धरायचा, मान हलवायचा आणि उरलेली मोरीत ओतून द्यायचा. मग त्याचे प्रयोग सुरू झाले. माल्टचं पाणी चांगलं खळखळून उकळायचं आणि मग होईल तितकं झटपट थंड करायचं, म्हणजे गढूळपणा आणणारा बराचसा भाग तिथेच तळाला बसतो, असं त्याने वाचलं होतं. झटपट थंड कसं करणार? तर मासळीवर घालायचा भुगा केलेला बर्फ तो बंदरावरून गोणीत भरून आणायचा आणि पातेलं त्या बर्फाच्या टबात ठेवायचा. आपल्याकडच्या उकाड्यात पडवीमागच्या खोलीत ओली गोणपाटं लावून कॅन थंड ठेवायचा. बिअर सुधारत गेली. पडवीत बाटली नितळ दिसायची आणि फ्रिजमध्ये गार केली की पुन्हा धुकं धरायची. "बघ," तो म्हणायचा, "गरम असेपर्यंत खोटं बोलते. गार झाली की खरं सांगते."

एके दुपारी मी गेलो तर तो एकटाच हसत बसला होता. बिअर निवळण्यासाठी परदेशात पूर्वीपासून काय घालतात ते त्याला सापडलं होतं. माशाच्या पोटातली हवेची पिशवी! आपल्या किनाऱ्यावर तिला बोत म्हणतात. घोळ, वाम हे मासे कापताना ती काळजीने काढतात, उन्हात वाळवतात, व्यापारी घेऊन जातो आणि ती कुठे तरी परदेशात जाते. घोळीच्या बोताला सोन्यासारखा भाव, हे गावात पोरंसोरंही सांगतील. तिथे त्याचं काय करतात हे कुणी विचारत नाही. "आयुष्य इथे काढलं," दिनकर म्हणाला, "आणि औषध शेजारच्या आळीत, माश्या हाकलत वाळतंय."

घोळीचं बोत परवडण्यातलं नव्हतं, पण छोट्या वामेचं चाललं असतं. चिंचणीच्या मांगेलआळीत, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीत, मासळी वाळवणाऱ्या हिराबाईंकडे ते हमखास मिळतं. मला वाटलं, तो दुसऱ्याच दिवशी जाईल. तो गेला नाही. महिना गेला, दोन गेले. मी विचारलं की म्हणायचा, जाऊ. शेवटी एकदा मीच म्हटलं, चल, मी येतो बरोबर. तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला आणि तो सांगायला लागला.

बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा खाडीत मासे मरून वर आले होते. गावचे लोक कारखान्याच्या फाटकावर गेले, साहेब लोक आले, ग्रामपंचायतीत बैठक झाली. हिराबाईंचा नवरा पांडू खाडीत जाळं लावायचा. त्याने त्या पहाटे कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी पाण्याची बाटली भरून आणली होती आणि ती टेबलावर ठेवली, पार गढूळ, पिवळट. कारखान्याकडून दिनकरने दुसरी बाटली ठेवली, लाखेचं सील असलेली, त्याच्या सहीची, आदल्या दिवशीच्या तारखेची. काचेसारखी नितळ. दोन्ही बाटल्या सगळ्यांनी पाहिल्या. एक साहेब पांडूला म्हणाला, "चिखल ढवळून भरलीस काय रे?" आणि लोक हसले. तेवढ्यावर बैठक संपली.

"माझी बाटली बैठकीला निघताना कँटीनच्या कूलरवर भरली होती," दिनकर म्हणाला. "वरून तसं सांगितलं होतं."

पांडूने त्यानंतर खाडीत जाळं लावलं नाही. दुसऱ्यांच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा, आणि खोटारडा म्हणून लोक त्याला चिडवायचे तेही त्याने ऐकून घेतलं. पुढे काही वर्षांनी तो वारला. मी आपलं माणसं बोलतात तसं बोललो. "जाऊ दे रे. तुझ्या हातात काय होतं तेव्हा?"

"बाटली," दिनकर म्हणाला.

मग आम्ही दोघं गेलो. हिराबाई ओट्यावर बसून बोंबील निवडत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पण हात विळ्यासारखे चालणारे. दिनकरला बघून त्यांनी पाट सरकवला.

"ये दिनूभाव. आज वाट चुकला का?"

"बोत पाहिजे होतं, हिराबाई. वामेचं. थोडंच."

"बोत?" त्या हसल्या. "कंपनीवाले आता बोत पन खायला लागले का?"

"खायला नाही. बिअर निवळायला. परदेशात यानेच निवळतात."

त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं, मग आतल्या सुनेला हाक मारली. "आयकलं का गो? आमी उन्हात मरून वाळवतो, नि गोरे लोक त्याने दारू गाळतात!" सून आतून म्हणाली, "मग आपन पन दारूच विकू." चहा आला. कागदात बांधलेली चार-पाच बोतं आली. पैसे घ्यायला त्या तयार होईनात. दिनकरने कप खाली ठेवला, घसा साफ केला, माझ्याकडे एकदा पाहिलं... आणि म्हणाला, "येतो मग."

त्या बोतांचं पहिल्या खेपेला जे झालं त्यावरून आम्ही नंतर पुष्कळ हसलो. बोत बारीक कातरून, लिंबू पिळलेल्या गार पाण्यात दोन दिवस भिजू द्यायचं, म्हणजे त्याचा खळीसारखा लगदा होतो. तो गाळून बिअरमध्ये ढवळला की तो तरंगणारं सगळं कवेत घेऊन खाली बसतो. मात्र त्याला ऊब लागता कामा नये, तापलं की त्याची ताकद जाते. दिनकरने वाडगा झाकून फ्रिजमध्ये ठेवला आणि तो बाजारात गेला. सुशीलावहिनींनी झाकण काढून पाहिलं. माशाचे तुकडे, वर लिंबू. त्यांनी हळद-मीठ लावून गॅसवर चढवलं आणि चिंचेचा कोळही घातला. दिनकर आल्यावर त्यांनी निरागसपणे विचारलं, "मासा कुठला होता हो? शिजतच नाही, नुसता चिकट झालाय." तो कपाळाला हात लावून बसला. त्या म्हणाल्या, "मग सांगायचं होतं ना! लिंबू पिळलेला मासा बघून चिंचणीतली कुठली बाई गप्प बसेल?"

म्हणजे पुन्हा हिराबाईंकडे जाणं आलं. त्यानंतर तो दर दोन महिन्यांनी जायला लागला, बोत असो वा नसो. मला फोन करून सांगायचा, आज सांगतो तिला. संध्याकाळी पुन्हा फोन यायचा. आज सून घरात होती. आज ती बाजारातून दमून आली होती. आज तिने गरम गरम मांदेली पुढे ठेवली, तोंडात घास असताना कसं बोलणार... खरं तर मला त्या फोनचा कंटाळा यायला लागला होता. एकदा मी तसं बोलूनही गेलो. "सांगायचं नसेल तर जाऊ नकोस, आणि जायचं असेल तर सांगून टाक." त्यानंतर त्याने त्या विषयावर फोन केला नाही. हे मला आता फार लागतं.

शेवटची भेट तो जाण्याच्या बारा दिवस आधीची. बिअर अखेर निवळली होती. तीन आठवडे जुन्या फ्रिजमध्ये उभी ठेवलेली बाटली त्याने बाहेर काढली, तळाचा साका हलू नये म्हणून एका धारेत ओतली, बोटभर बाटलीत मागे ठेवली. ग्लास गार असूनही त्यात धुकं नव्हतं. त्याने ग्लासामागे वर्तमानपत्र धरलं आणि मला वाचायला लावलं. बारीक टाइपसुद्धा वाचता येत होता. त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "कँटीनच्या पाण्यासारखी झाली." मग त्याने ग्लास माझ्याकडे दिला. स्वतः घेतली नाही.

बाराव्याला हिराबाई आल्या होत्या, मागे बसून गेल्या. त्यानंतर काही दिवस मी स्वतःला विचारत राहिलो की हे सांगणं माझं काम आहे का. पुस्तकांत अशा प्रश्नांना उत्तरं असतात असा माझा जन्मभर समज होता. शेवटी मागच्या आठवड्यात, वहिनींनी दिलेली एक भरलेली बाटली जपून उभी धरून, मी मांगेलआळीत गेलो. हिराबाई ओट्यावरच होत्या. मी न थांबता सगळं सांगितलं, बैठक, सील, कँटीनचा कूलर. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या.

"केव्हापासून?"

"त्याच दिसापासून. आमचे हे घरी येऊन बोलले, दिनूभावच्या बाटलीला घाम आला व्हता. गार पानी व्हतं. नाल्याचं पानी कुठं गार असतंय का?"

मी विचारलं, मग तुम्ही त्याला बोत का देत राहिलात?

"म्हंजे तो येत राहील. यायचा, बसायचा, चा प्यायचा, तोंड उघडायचा नि बंद करायचा. मी वाट बगत व्हते, भाऊ. आज बोलेल, उद्या बोलेल. ह्यांना खोटा बोलले लोक. एकदा त्याने माज्या पोरांसमोर बोलायचं व्हतं, तुमचा बा खोटा नव्हता म्हनून. बस, एवढंच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तू बोललास. तुजं काय त्यात?"

मी म्हटलं, माझं काही नाही.

सून आणि मोठा मुलगा दारात येऊन उभे राहिले होते. हिराबाईंनी मला त्यांच्यासमोर ते पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. मुलगा ऐकून आत निघून गेला. मग त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, उन्हात धरली. "आमच्या बोताने झाली ही एवढी साफ?" मी हो म्हटलं. मग त्यांनी बाटली उलटी केली. तळाचा साका धुरासारखा सुटला आणि बघता बघता सगळी बाटली गढूळ झाली. "हां," त्या म्हणाल्या, आणि ती मला परत दिली. "ने. आमच्यात आता कोन पीत नाय."

बाटली पालघरला माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा नितळ झाली होती. पुसताना मी तिला अधूनमधून उलटी करतो, जरा वेळ तशीच धरतो आणि जागेवर ठेवतो.