बसऱ्याहून आलेला माणूस

माझा नवरा समुद्रापारच्या बसऱ्याच्या लढाईवरून धड हातापायांनी परत आला, म्हणून आत्याबाईंनी, माझ्या सासूनं, आमच्या दिग्गी गावात घरोघर गूळ वाटला. गूळ खाल्लेल्या त्याच तोंडांनी लोक पुढं त्याला हसले.

भात पोटरीला आलं होतं. रानडुकरं हाकलायला शेजाऱ्यानं ठासणीची बंदूक उडवली. आम्ही सगळी बांधावर उभी होतो. माझा नवरा धाडकन चिखलात पालथा पडला आणि नखांनी माती उकरू लागला. मी धावले, तर माझं डोकं खाली दाबत ओरडला, "खाली ऱ्हा! उठू नको!" बाकीचे पोट धरून हसत होते. पलटणीतला गडी म्हणे डुकराच्या बाराला भ्याला.

तेव्हापासून पिणं सुरू झालं. आधी गावानंच पाजलं. लग्नात काजूची दारू पुढं करायची, "सांग की रं लढाईची गोष्ट," म्हणायचं, आणि तो सांगू लागला की मागून कुणीतरी डबा बडवायचा. तो जमिनीवर पडला की अख्खा मांडव हसायचा. पुढं पाजायला कुणी लागेना, आपणच पिऊ लागला. घरी येऊन मला मारायचा. सकाळी माझ्या दंडावरचे वळ बघून विचारायचा, "कुणी मारलं गं तुला?" खरंच विचारायचा.

आत्याबाई त्याला घेऊन उळवीच्या जत्रेला गेल्या. मीही होते. परतताना वाटेतल्या गावी देवऋष्याला दाखवलं. तो म्हणाला, परमुलखातलं भूत लागलंय, कोंबडा द्या. तेव्हा हा आईला म्हणाला, "भूत न्हाई, आई. माझा पलटणीतला जोडीदार हाय. पोटात गोळी लागलेली. पाणी मागत हुता. हाकेच्या अंतरावर हुता, पर मला जाता आलं न्हाई."

एवढं तो एकदाच बोलला. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि कोंबडा दिलाच.

शेवटी पोट फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, आणि तो गेला. ज्यांनी पाजली तेच खांदा द्यायला पुढं आले. "दारूनं खाल्लं बिचाऱ्याला," म्हणत होते.

वर्ष सरलं नाही तोच पाटील एका हवालदाराला घेऊन आमच्या अंगणात आला. पलटणीसाठी पोरं हवी होती. "ह्या घरानं शिपाई दिला हाय," पाटील ऐटीत म्हणाला. माझा धाकटा दीर ताठ उभा राहिला.

मी भात कांडत होते. मुसळ ठेवून म्हटलं, "दिला तो परत आलाच न्हाई, पाटीलमामा."

"आलता की! आम्ही समद्यांनी बघितला."

"व्हय, बघितलात. हसत बघितलात."

"बाईमाणसानं मधी बोलू नये," पाटील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दीर हवालदाराबरोबर निघाला. आत्याबाईंनी त्याला ओवाळलं. मी दारात गेले नाही.