डॅशबोर्डातला गणपती

माझ्या बायकोला हसवणं सोपं आहे असं सगळ्यांना वाटतं, फक्त मला वाटत नाही. दर रविवारी सकाळी आम्ही नाशिकहून निफाडला तिच्या माहेरी निघतो, तेव्हा गाडीतल्या रेडिओवर तिचा लाडका कार्यक्रम चालू असतो. एक दाजी आणि त्याचा मेहुणा, दोघेही गॅरेजवाले. लोक फोन करून आपल्या गाडीचं रडगाणं गातात आणि हे दोघे इलाज सांगायच्या आधी एकमेकांची यथेच्छ इज्जत काढतात. दाजी स्वतःच्याच विनोदाला आधी हसतो, मग मेहुणा हसतो, मग माझी बायको. ओढणीने डोळे पुसते, मांडीवर थापा मारते. एकदा तर माझ्या मांडीवर मारली, मी गिअर बदलत असताना.

मला तो धांगडधिंगा सोसत नाही. मला संध्याकाळचा माणूस आवडतो, दुसऱ्या स्टेशनवरचा. तोही गाड्यांच्या दुखण्यांवरच बोलतो, पण एकटा आणि आवाज न चढवता. कुणी म्हणालं, ‘साहेब, ब्रेक कधी लागतात, कधी नाही,’ तर तो शांतपणे विचारतो, ‘मग आत्ता थांबून बोलताय की अजून चालूच आहात?’ बस, एवढंच. स्वतः हसत नाही. परतीच्या वाटेवर तो लागतो. पहिला फोन संपायच्या आत बायको झोपलेली असते.

मला त्या दाजीचा हेवा वाटतो, सरळच सांगतो. ज्याला मी कधी बघितलं नाही, त्याच्यासाठी माझ्या शेजारी बसून, माझ्या गाडीत, माझी बायको अशी हसते! माझ्या विनोदांना लग्नापासून आजवर तिने ‘हं’च्या पुढे काही दिलेलं नाही. एकदा दाजीचाच विनोद मी चहाच्या वेळी जसाच्या तसा सांगून बघितला. तिने विचारलं, ‘आलं कमी पडलंय का?’

दसऱ्यानंतर आमच्या गाडीतून एक आवाज यायला लागला. वळण आलं की खड्‌खड्‌खड्‌. सरळ रस्त्याला काही नाही. गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी पुढच्या चाकांचे लिंक रॉड बदलले. आवाज तसाच राहिला. बायको म्हणाली, ‘दाजींना विचारू या.’ मी म्हणालो, त्या विदूषकांना विचारण्यापेक्षा मी गाडी भंगारात घालेन.

एका रविवारी, मला काही न सांगता, तिने चालत्या गाडीतून फोन लावला आणि तो लागलाही. मी सायखेडा फाट्याच्या अलीकडे, एका रसवंतीपाशी गाडी बाजूला घेतली. रेडिओ बंद केला. तिने फोन स्पीकरवर टाकला.

‘वहिनी, आवाज काढून दाखवा,’ दाजी म्हणाला. ‘लाजायचं नाय, सगळं नाशिक ऐकतंय.’

तिने काढला. अगदी हुबेहूब. रसवंतीवाल्याने चरक थांबवून आमच्याकडे बघितलं.

‘लय भारी! आणि मालक कुठं हायेत?’

‘इथेच बसलेत. तुमचा कार्यक्रम आवडत नाही त्यांना. तोंड बघा, एरंडेल प्यायल्यासारखं झालंय.’

सगळ्या जिल्ह्यासमोर! तिकडे दोघे खिदळत होते. मग मेहुण्याने विचारलं, आवाज कधीपासून आहे. दसऱ्यापासून, ती म्हणाली. दसऱ्याला काय केलं गाडीला?

‘काय म्हणजे, पूजा. बाहेर वारा फार होता, विड्याची पानं उडायला लागली. म्हणून ह्यांनी आत डॅशबोर्डवरच पानं ठेवली, तांदूळ ठेवले, त्यावर सुपारीचा गणपती...’

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. ‘अहो, तो तुम्ही उचलून देव्हाऱ्यात ठेवला ना?’

‘मी? मला वाटलं तू ठेवलास.’

आमच्या गाडीत काचेखाली हवा यायची जी फट आहे, तिची एक पट्टी तुटलेली आहे. मी त्या फटीकडे बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. ‘म्हणजे दसऱ्यापासून गणपती डॅशबोर्डात अडकलाय,’ मी ओरडलो, ‘दर वळणावर उतरवा उतरवा म्हणून टाहो फोडतोय, आणि मी विसर्जन करायचं सोडून लिंक रॉड बदलतोय!’

बायको हसायला लागली. वाकून, पोट धरून, श्वास अडकेपर्यंत. फोन तिच्या हातातून खाली पडला, त्यातून दाजी ‘वहिनी, वहिनी’ करत राहिला आणि तिने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. निफाड येईपर्यंत मी शीळ घालत होतो.

सुपारी निघाली. पुढच्या रविवारी गाडी बिनआवाजाची होती. कार्यक्रम लागला आणि दाजीने सुरुवातच केली, ‘परवा मी काय म्हणलो, गणपती आत टाहो फोडतोय आन्‌ हा भाऊ लिंक रॉड बदलतोय!’ ‘मी म्हणलो’ म्हणे! बायकोने ओढणी डोळ्यांना लावली.

‘काय सुचतं बाई या माणसाला!’

‘ते मी म्हणालो होतो,’ मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच असणार.

‘हो की, तुम्हीच म्हणाला होतात.’ ती अजून हसत होती. ‘पण त्यांनी सांगितलं किती छान.’

फाटा आला तेव्हा मी न राहवून विचारलं, ‘मग त्या दिवशी तू एवढी हसलीस ती कशाला?’

‘तुमच्या वाक्याला नाही हो. तुमच्या तोंडाला. असे डोळे फाडून त्या फटीकडे बघत होतात ना...’ आणि तिला परत हसू फुटलं. ‘ते रेडिओवर कसं दिसणार?’

तिने हात पुढे करून रेडिओचा आवाज बारीक केला, हसणं नीट पुरं करता यावं म्हणून. मी समोरचा आरसा थोडा माझ्याकडे वळवला आणि निफाड येईपर्यंत अधूनमधून त्यात बघत राहिलो. विशेष असं काही दिसलं नाही, पण आरसा मी तसाच राहू दिला.